वर्ध्याची मगनवाडी आणि ग्रामोद्योगाचे डॉक्टर

वर्ध्याच्या स्थानकावर उतरलेला परगावचा पाहुणा बहुधा एकच पत्ता विचारतो, सेवाग्राम. आठ किलोमीटरवर असलेल्या त्या आश्रमात बापूंची कुटी आहे, आदिनिवास आहे, प्रार्थनाभूमी आहे. तिथून पुढे धाम नदीच्या काठचे पवनारचे विनोबांचे आश्रमस्थान. संध्याकाळी गोरस भांडारातून गोरसपाकाचा डबा घेतला, की वर्ध्याची यात्रा पुरी झाली असे समजून पाहुणा परतीची गाडी पकडतो.

या धावपळीत एक रस्ता मात्र नकळत मागे पडतो. तो वर्धा शहरातच आहे आणि त्याचे नाव आहे कुमारप्पा मार्ग. या रस्त्यावर मगनवाडी आहे. सेवाग्राम वसण्याआधी गांधीजी जिथे राहिले, ती ही जागा. आणि ज्यांचे नाव रस्त्याला दिले आहे, ते जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा म्हणजे अमेरिकेत शिकलेले अर्थशास्त्राचे पंडित, गुजरात विद्यापीठाचे प्राध्यापक आणि खेड्यापाड्यातल्या घाणी, जाते, उखळी यांचा हिशेब मांडणारे काटेकोर हिशेबनीस. 'पर्यावरण', 'शाश्वत विकास', 'शांतता अध्ययन' हे शब्द आज महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत दिसतात. ते रूढ होण्याच्या कितीतरी आधी या माणसाने त्यांचा अर्थ मगनवाडीच्या अंगणात जगून दाखवला होता.

बागेची झाली प्रयोगशाळा

मगनवाडी ही मुळात जमनालाल बजाज यांची बाग आणि त्यातले घर. वर्ध्याच्या या व्यापाऱ्याचे मन मोठे. १९२८ साली त्यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले होते. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्यासाठी त्यांनी ही जागा देऊन टाकली. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. साबरमती आश्रमाची घडी बसवणाऱ्या, चरख्याच्या शास्त्रासाठी झिजलेल्या या कार्यकर्त्याची आठवण म्हणून जागेला मगनवाडी हे नाव मिळाले.

१९३५च्या सुरुवातीला गांधीजी इथे राहायला आले. त्या दिवसांत मगनवाडीचे स्वयंपाकघर हीच एक प्रयोगशाळा होती. सोयाबीन कसे शिजवावे, हिरवा पाला कच्चा किती खावा, कडुलिंबाचा पाला जेवणात कसा आणावा, यावर रोज प्रयोग चालत. आश्रमवासीयांच्या जिभेला ते नेहमीच मानवत असे नाही! वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात मीराबेन आणि महादेवभाई देसाई यांच्यासारखी माणसे सकाळी झाडू आणि बादली घेऊन रस्त्यावरची घाण उचलायला जात. गावकरी बाजूला उभे राहून पाहत. पुष्कळांचा समज असा, की हे काम या मंडळींनी पत्करलेच आहे, तर ते त्यांनीच करावे. गाव बदलणे ही किती चिकाटीची गोष्ट आहे, याचा पहिला धडा गांधीजींना आणि त्यांच्या सोबत्यांना इथेच पुन्हा गिरवावा लागला. पुढे ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. मगनवाडीचा भार मात्र कुमारप्पांच्या खांद्यावर राहिला.

तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२चा, तंजावरचा. घर सुशिक्षित ख्रिस्ती. आडनाव होते कॉर्नेलियस. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले, तिथेच काही वर्षे काम केले आणि परतल्यावर मुंबईत या व्यवसायात जम बसवला. उत्तम शिवलेला सूट, हातात छडी, वेळेचे कडक बंधन असा हा साहेबी गृहस्थ. वयाच्या पस्तिशीत, १९२७ साली ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यापार व्यवस्थापनाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे एका छोट्या प्रसंगाने आयुष्याची दिशा बदलली. भारत गरीब का, या विषयावर त्यांनी दिलेल्या एका व्याख्यानाची बातमी वृत्तपत्रात आली. ती त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या वाचनात आली. सार्वजनिक अर्थकारणाचे ते नामांकित अभ्यासक. हाच विषय प्रबंधासाठी घ्या, असे त्यांनी सुचवले. मग सरकारी कर, कर्ज, सैन्यावरचा खर्च यांचे आकडे एकाखाली एक मांडले जाऊ लागले. जो माणूस इंग्रजी राज्याला आपल्या सुखवस्तू जीवनाचा आधार समजत होता, त्याला त्याच्याच वहीतले आकडे वेगळे काही सांगू लागले. हिशेबनिसाला हिशेब खोटा म्हणता येत नाही. कॉर्नेलियस हे आडनाव जाऊन कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव आले, ते याच सुमारास.

झाडाखालचा म्हातारा

प्रबंध छापायचा होता. कोणीतरी गांधीजींचे नाव सुचवले. ९ मे १९२९ रोजी कुमारप्पा साबरमतीला पोचले. अंगावर रेशमी सूट होता. नेमलेली वेळ व्हायची होती, म्हणून ते नदीकाठी फिरायला निघाले. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून एक म्हातारा सूत कातत होता. चरखा कधी न पाहिलेले कुमारप्पा छडीवर रेलून काही मिनिटे पाहत राहिले. म्हाताऱ्याने कमरेचे घड्याळ पाहिले आणि हसून विचारले, तुम्हीच का ते कुमारप्पा? तेव्हा कुठे त्यांना उमगले, की समोर गांधीजी आहेत. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता ते तिथेच जमिनीवर बसले. कोणी खुर्ची आणली, पण ती त्यांनी घेतली नाही.

गांधीजींनी प्रबंध 'यंग इंडिया'त क्रमशः छापायचे कबूल केले आणि वर एक कामही सोपवले. गुजरातेतल्या एखाद्या ग्रामीण भागाची आर्थिक पाहणी करायची. गुजरात विद्यापीठाची धुरा तेव्हा काकासाहेब कालेलकरांकडे होती. गुजराती न येणारा हा साहेब शेतकऱ्यांशी बोलणार कसा, अशी शंका निघाली. त्यावर तोडगा निघाला, तो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा. तेच दुभाषी, तेच सहकारी. खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याच्या ५४ गावांत ही मंडळी हिंडली. किती जमीन, किती बैल, किती कर्ज, घरात वर्षाला काय येते आणि काय जाते, सारे दारोदार विचारून लिहून घेतले. प्राध्यापक वर्गात आणि खेडे पुस्तकात, ही शिक्षणाची रीत इथे उलटी झाली. विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही शेतकऱ्याच्या ओट्यावर शिकायला बसले.

पाहणी आटोपते न आटोपते तोच १९३०चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गांधीजी तुरुंगात गेल्यावर 'यंग इंडिया' चालवायची जबाबदारी कुमारप्पांवर आली आणि पाठोपाठ त्यांनाही तुरुंग मिळाला. ख्रिस्ती धर्मपीठाच्या वरिष्ठांनी सत्याग्रहावर टीका केली, तेव्हा येशूची शिकवण आणि अहिंसक लढा यांत विरोध कुठे आहे, असा त्यांनी उघड पत्रातून सवाल केला. धर्म त्यांनी सोडला नाही. उलट तो अधिक मनावर घेतला.

१९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे होता. स्वयंसेवकाच्या जेवणासाठी दिवसाला ३ आणे, हा त्यांचा नियम. खुद्द गांधीजी आपल्या परिवारासह तिथे आले, तेव्हा त्यांच्या फळा-दुधाचा आणि मोटारीच्या पेट्रोलचा खर्च निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी स्पष्ट कळवले. गांधीजींनी ते मुकाट्याने मान्य केले. पुढे ग्रामोद्योग संघासाठी माणूस शोधताना त्यांना फार लांब जावे लागले नाही, यात नवल ते काय?

घाणी, कागद आणि मगनदीप

मगनवाडीत जे काम सुरू झाले, ते वरवर पाहता अगदी साधे होते. लाकडी घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, ताडाचा गूळ, मधमाश्यापालन, हातकागद, साबण, कुंभारकाम. खेड्यातले हे धंदे गिरण्यांपुढे एकेक करून विझत होते. कुमारप्पांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले नाही, शास्त्राने पाहिले. कोणत्या घाणीत बैलाला किती ओढावे लागते, तेल किती निघते, पेंडीत किती उरते, याची मोजदाद झाली. घाणी सुधारली, कागदाची कृती सुधारली. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील तयार झाला. रॉकेल परदेशातून येते, तेलबिया शेजारच्या शेतात पिकतात, मग गावातला दिवा कशावर जळावा? प्रश्न इतका सरळ होता.

संघाचा पत्रव्यवहार हातकागदावर होई, 'ग्रामोद्योग पत्रिका' इथूनच निघे. देशभरातून तरुण शिकायला येत आणि एखादे हत्यार, एखादी कृती घेऊन आपल्या गावी परतत. कुमारप्पांच्या अंगावर आता खादी होती, पण तिथेही त्यांचा हिशेबी स्वभाव डोकावे. धोतराचे कापड फार आणि कामात अडचणही फार, म्हणून त्यांनी धोतर आणि पायजमा यांचा मेळ घालून 'धोतीजामा' असा नवाच पोशाख शोधून काढला.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. राजेमहाराजांच्या तलवारी आणि तसबिरी नसलेले हे संग्रहालय. इथे मांडलेले आहेत चरखे, टकळ्या, माग, शेतीची अवजारे आणि कारागिरांनी घडवलेल्या वस्तू. नाना प्रांतांतले, नाना घडणीचे चरखे पाहताना ध्यानात येते, की ही एका यंत्राची गोष्ट नाही. कमी श्रमात जास्त सूत कसे निघेल, याचा शोध घेणाऱ्या कितीतरी हातांची ही गोष्ट आहे. आईवडिलांसोबत आलेली मुले घाणीपुढे थबकतात. तेल पिशवीत येते एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांना ते बियांतून निघताना कसे असेल याची कल्पना इथे येते.

याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने कुमारप्पांकडे औद्योगिक पाहणीचे काम दिले. मातरचा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आणि सुमारे ६०० गावे पाहिली गेली. त्याच सुमारास पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती बसली होती. कुमारप्पा तिचे सदस्य झाले, पण मोठ्या कारखान्यांवर भर देणाऱ्या त्या चर्चेत खेड्याला जागा नाही असे दिसताच बाहेर पडले.

वाघ, माकड आणि मधमाशी

१९४२च्या लढ्यानंतर कुमारप्पांना जबलपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तिथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. १९४५ साली गांधीजींनी प्रस्तावना लिहिली आणि थट्टेथट्टेत या शिष्याला धर्मशास्त्राचे आणि ग्रामोद्योगाचे डॉक्टर करून टाकले. कोलंबियाच्या पदवीपेक्षा कुमारप्पांना ही पदवी अधिक प्यारी होती.

त्या पुस्तकातला विचार शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. वाघ बकरीला मारून जगतो. त्याचे पोट भरते, पण ज्याच्यावर ते भरते तेच नाहीसे होते. माकड आंबराईत शिरते. झाड त्याने लावले नाही, पाणी घातले नाही, फळे मात्र खाते. मधमाशी फुलातला मध नेते, पण नेता नेता परागकण पसरवून झाडाचेही काम करते. पोळ्यातल्या माश्या एकट्या-दुकट्यासाठी नव्हे, तर सगळ्या पोळ्यासाठी राबतात. आणि पिलांना चारा भरवणारी पक्षीण कशाचीच परतफेड मागत नाही. माणसाचे अर्थव्यवहारही याच पायऱ्यांवर कुठे ना कुठे बसतात, असे कुमारप्पा सांगतात. देशाने वाघ व्हायचे की मधमाशी, हे त्याने स्वतः ठरवायचे.

दुसरी एक विभागणी त्यांनी केली. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठवणीचे धन. वापरले की कमी होणारच. वाहते पाणी, जंगल, माणसाचे आणि जनावरांचे श्रम हे प्रवाहाचे धन. जपून वापरले तर पुन्हा पुन्हा मिळणारे. साठ्यावर उभे राहिलेले ऐश्वर्य कधीतरी संपणार आणि साठा संपत आला की त्यासाठी भांडणे, लढाया होणार. म्हणजे अर्थशास्त्र आणि शांतता हे दोन विषय नाहीतच. दूर देशातल्या मळ्यावर मजुरांना राबवून पिकवलेला आणि आरमाराच्या पहाऱ्यात आलेला कोको आपण चवीने पितो, तेव्हा त्या जुलमाचा थोडा वाटा आपल्याही पेल्यात असतो, असे ते बजावत. ग्राहकही जबाबदार आहे. स्वयंपाकघरात काय येते आणि कुठून येते, हा प्रत्येक गृहिणीपुढचा प्रश्न त्यांनी युद्ध आणि शांततेच्या प्रश्नाशी नेऊन जोडला.

पुढे नॉर्वेच्या ऑस्लो शहरात १९५९ साली शांतता संशोधनाची संस्था निघाली. तिचे संस्थापक योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली व्यवस्थेत दडलेल्या हिंसेची मांडणी केली. गांधीविचाराचा त्यांचा अभ्यास त्याआधीचा होता. १९७३ साली शूमाखर यांचे 'स्मॉल इज ब्यूटिफुल' गाजले, त्यातही कुमारप्पांचा हवाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुन्टलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या दिली, ती १९८७ साली. मगनवाडीतल्या माणसाचे पुस्तक त्याआधी ४२ वर्षे छापून झाले होते.

एकाकी लढत

स्वातंत्र्य आले आणि कुमारप्पांची खरी कसोटी लागली. काँग्रेसच्या शेती सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. १९४९ साली समितीने अहवाल दिला. जमीन कसणाऱ्याची असावी, मधले दलाल नकोत, हे त्याचे सार. अहवालातले पुष्कळसे कागदावरच राहिले. देश धरणे, पोलादाचे कारखाने, रासायनिक खते यांच्या वाटेने निघाला होता. रासायनिक खत जमिनीला काही काळ उत्तेजन देते, पण पुढे ती थकते, हा कुमारप्पांचा इशारा तेव्हा जुनाट वाटला. कालचे सहकारी आज मंत्री होते, आणि हा माणूस त्यांना तोंडावर सुनवायला कचरत नसे. स्वभाव तापट, रक्तदाब वाढलेला. मित्र कमी होत गेले.

ते दिल्लीच्या वाऱ्या करीत बसले नाहीत. वर्धा जिल्ह्यातच सेलडोह इथे त्यांनी पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळमध्ये शेत. लाखभर माणसांना समतोल आहार द्यायचा, तर धान्य किती जमिनीत, डाळ किती, तेलबिया, भाजी, फळे, कापूस किती, असा त्यांचा समतोल शेतीचा आराखडा होता. बाजारात काय विकले जाईल यापेक्षा पोटाला काय लागेल, यावरून पीक ठरवायचे.

या आराखड्याकडे आज पाहताना मन अस्वस्थ होते, ते वर्ध्याच्या मातीमुळे. हा पांढऱ्या सोन्याचा, कपाशीचा मुलूख. एकाच नगदी पिकावर, कर्जावर आणि पावसावर टांगलेल्या इथल्या शेतकऱ्याची शोकांतिका देशाने पाहिली. आत्महत्यांच्या मालिकेनंतर २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ६ जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यात वर्धा होता. ज्या जिल्ह्यात बसून एका अभ्यासकाने शेतकऱ्याच्या ताटाचा हिशेब आधी मांडा असे सांगितले, त्याच जिल्ह्यावर ही पाळी यावी! कुमारप्पांचे ऐकले असते तर हे टळले असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. पाऊस, भाव, सावकार, कुटुंबाचा वाढता खर्च अशी कारणे अनेक. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, एवढे तरी मान्य करावेच लागते.

त्यांच्या मार्गातल्या अडचणीही झाकायचे कारण नाही. हातकामाच्या वस्तू महाग पडतात, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. आणि गिऱ्हाईकाला परवडावे म्हणून भाव उतरवला, तर कारागिराच्या हाती काय उरणार? हा पेच तेव्हाही होता. खादी महागली तरी चालेल, पण कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी १९३५ सालीच धरला होता. आज शहरातल्या दुकानांत लाकडी घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ आणि सेंद्रिय गूळ झोकदार वेष्टनात चढ्या भावाने विकले जातात. ज्या खेड्यातून या वस्तू हद्दपार झाल्या, तिथल्या घरात मात्र पिशवीतले स्वस्त तेल येते. हे पाहून कुमारप्पांना आनंद झाला असता की खेद?

मालकाचा मालक

प्रकृती ढासळल्यावर कुमारप्पा तमिळनाडूत, मदुराई जिल्ह्यातल्या टी. कल्लुपट्टी गावी गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. मुलूख कोरडा, पाऊस बेताचा. तिथल्या लहानशा घरात त्यांचे अखेरचे दिवस गेले. लग्न त्यांनी केले नव्हते. पुस्तके, कागद आणि भेटीला येणारे कार्यकर्ते हाच संसार. भूदान यात्रेत विनोबा त्यांना भेटायला आले, तेव्हाची आठवण सांगितली जाते. भिंतीवर गांधीजींच्या तसबिरीबरोबर एका सामान्य शेतकऱ्याचे चित्र लावलेले होते. हा कोण, असे विचारल्यावर कुमारप्पा म्हणाले, की गांधीजी माझे मालक आणि हा माझ्या मालकाचा मालक.

३० जानेवारी १९६० रोजी कुमारप्पा गेले. १२ वर्षांपूर्वी याच तारखेला गांधीजी गेले होते.

पुढे त्यांचे नाव बराच काळ अडगळीत पडले. अलीकडे अभ्यासक पुन्हा त्यांच्याकडे वळले आहेत. वेणू माधव गोविंदू आणि दीपक मलघन यांनी त्यांचे जीवन आणि विचार यांवर 'द वेब ऑफ फ्रीडम' हा ग्रंथ २०१६ साली लिहिला. जयपूरला त्यांच्या नावाची ग्रामस्वराज्य संस्था आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांतता अध्ययनाचा विभाग आहे. तिथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले शिकायला येतात. पदवीनंतर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही असतोच. कुमारप्पांनी पदवी घेऊन गावाची वाट धरली, तेव्हा ते ३७ वर्षांचे होते आणि मुंबईत त्यांचा व्यवसाय उत्तम चालत होता. नोकरी मिळेना म्हणून ते खेड्यात गेले नव्हते.

मगनवाडीही निव्वळ स्मारक झालेली नाही. याच परिसरात ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे. तिथे सौर ऊर्जेवर चालणाऱ्या चरख्यासारख्या साधनांवर काम झाले. साठ्याचे धन नको, प्रवाहाचे हवे, या सूत्राला सूर्याइतका चांगला साक्षीदार कोणता? मगन संग्रहालय समितीने नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी, विषमुक्त कापूस आणि ग्रामीण महिलांचे उद्योग यांचा धागा पुढे नेला आहे. सुती कापडावरचा हिरडा, मंजिष्ठा, नीळ यांचा शांत रंग पाहिला, की बाजारातल्या भडक रंगांनी सरावलेले डोळे निवतात.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर तोच कुमारप्पा मार्ग लागतो. मोटारसायकली, शाळा सुटलेली मुले, भाजीच्या पिशव्या घेऊन घरी निघालेल्या बाया. पिशवीतली भाजी कुठल्या शेतातली, तेल कुठल्या घाण्यातले आणि ते पिकवणाऱ्याच्या ताटात आज काय आहे, एवढे जरी घरी पोचेपर्यंत एखाद्याच्या मनात आले, तरी या रस्त्याला दिलेले नाव सार्थकी लागले म्हणायचे.

जायचे असेल तर

वर्धा हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे स्थानक आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या जवळच्याच सेवाग्राम स्थानकावर थांबतात. त्याचे जुने नाव वर्धा पूर्व. विमानाने येणाऱ्यांनी नागपूरला उतरावे. तिथून रस्त्याने किंवा रेल्वेने वर्धा साधारण ७५ किलोमीटर. मगनवाडी शहरातच असल्याने पहिला अर्धा दिवस तिथे द्यावा, उरलेल्या दिवसात सेवाग्राम आणि पवनार सहज होते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दक्षिणेकडे जाणे झाले तर मदुराईहून राजपालयमकडे जाणाऱ्या रस्त्यावर टी. कल्लुपट्टी लागते. मीनाक्षी मंदिर पाहून झाल्यावर तिथेही अवश्य डोकवावे. आणि वर्ध्याहून परतताना गोरसपाकाचा डबा न्यायला विसरू नये. घरी मुलांपुढे तो उघडताना वाघ, माकड आणि मधमाशीची गोष्टही सांगावी.